भूक मारण्याचा धंदा : कन्हानकाठचा चहा, विडी आणि खर्रा

कन्हान नदीच्या एका तीरावर कामठी आणि दुसऱ्या तीरावर कन्हान. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता आणि बिलासपूरकडे जाणारा लोहमार्ग दोन्ही इथेच नदी ओलांडतात. कामठीची लष्करी छावणी १८२१ सालची. तिच्यामागून हातमाग आले, विडीचे कारखाने आले, मनसर-कांद्रीचे मँगनीज निघाले, कोळशाच्या खाणी खोदल्या गेल्या, फेरो-अलॉयच्या भट्ट्या पेटल्या आणि कन्हानला ब्रुक बॉण्डचा चहाचा कारखानाही उभा राहिला. यांतल्या बहुतेक कामांत हजेरीचे तास लांब, मजुरी तुटपुंजी आणि जेवणाची सुट्टी आखूड. भूक भागवण्याला इथे जसा इतिहास आहे, तसाच भूक मारण्यालाही आहे. भूक मारणाऱ्या वस्तू याच पट्ट्यात तयार झाल्या आणि याच पट्ट्यात खपल्या. त्या वस्तू शरीरात नेमके काय करतात हे मात्र गेल्या तीसेक वर्षांतच नीट कळू लागले आहे.

कारखाने येण्यापूर्वी नागपूर जिल्ह्यातल्या कष्टकऱ्याचे पोट ज्वारीवर चाले. पूर्वेला वैनगंगेकडे सरकावे तसा भात वाढे, पण या भागात भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी हेच जेवण. अडचणीच्या दिवसांत ज्वारीच्या कण्या किंवा आंबील. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची ही घडी विस्कटून टाकली. जंगलाजवळची माणसे मोहाच्या फुलांवर आणि कंदमुळांवर आली, बाकीची सरकारी कामांवर खडी फोडू लागली. दुष्काळी कामांवरची मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली असे. एका माणसाला जिवंत राहून काम करायला किती धान्य लागते हे आधी ठरवायचे, मग त्या धान्याची जी किंमत होईल तेवढे पैसे हातावर ठेवायचे. सरकारच्या लेखी भूक म्हणजे धान्याचे वजन. तोवर शरीरशास्त्राचीही समजूत यापेक्षा फार पुढे गेलेली नव्हती.

१९१२ साली हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी आपल्या एका विद्यार्थ्याला फुगा गिळायला लावला आणि जठराच्या आकुंचनाबरोबर भुकेची कळ येते हे दाखवले. म्हणजे भुकेचे घर पोटात. पण ज्यांचे जठर शस्त्रक्रियेत काढून टाकले होते त्यांनाही भूक लागतच होती. १९४० साली हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी उंदरांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या मध्यभागात इजा केली, तेव्हा ते उंदीर लठ्ठ झाले. १९५१ साली बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी येल विद्यापीठात हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात इजा केली, तेव्हा उंदरांनी समोर अन्न असूनही ते खाणे सोडले. आनंद पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि भारतात भुकेच्या मेंदूविज्ञानाची सुरुवात त्यांच्यापासून धरली जाते. त्यानंतर चाळीसेक वर्षे पाठ्यपुस्तकांत मेंदूत एक भुकेचे केंद्र आणि एक तृप्तीचे केंद्र अशी सुटसुटीत मांडणी होती. ती आता जुनी झाली.

आजचे चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. हायपोथॅलॅमसच्या तळाशी अर्क्युएट नावाचा पेशीसमूह आहे आणि त्यात दोन विरुद्ध स्वभावाच्या चेतापेशी शेजारी शेजारी नांदतात. एका गटाच्या पेशी एनपीवाय आणि एजीआरपी ही रसायने सोडतात आणि माणसाला अन्नाकडे ढकलतात. दुसऱ्या गटाच्या, म्हणजे पॉम्क पेशी, खाणे पुरे झाल्याची जाणीव देतात. त्यांच्यातल्या अनेक कार्ट नावाचे आणखी एक रसायनही तयार करतात. या दोन्ही गटांना शरीराच्या कोठाराचा हिशेब रक्तातून मिळतो. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. हे संप्रेरक १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला सापडले. रिकामे जठर घ्रेलिन सोडते, ते १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी शोधले. याखेरीज भरलेल्या जठराचा ताण व्हेगस चेतातंतूवाटे मेंदूच्या खालच्या भागात पोचतो आणि आतड्यातली संप्रेरके 'आता थांबा' असा निरोप देतात. लेप्टिनचे खरे काम माणसाला बारीक ठेवणे हे नसून उपासमारीची वर्दी देणे हे आहे. चरबी घटली की लेप्टिन उतरते आणि मेंदू ते संकट समजतो. शरीर तापमान उतरवते, हालचाल कमी करते, प्रजननाकडून ताकद काढून घेते, आणि मन अन्नाशिवाय दुसरीकडे लागत नाही.

दुष्काळी कामावर पोटापुरती मजुरी घेऊन खडी फोडणाऱ्यांना हे सगळे भोगावे लागत होते, पण त्याची मोजणी कुणी केली नाही. ती पुढे १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात झाली. अँसेल कीज यांनी छत्तीस तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, ते स्वयंपाकाची पुस्तके वाचत बसू लागले, ताट जिभेने चाटू लागले. कन्हानच्या इतिहासासाठी या प्रयोगातला वेगळाच तपशील मोलाचा आहे. ही मंडळी भूक विसरण्यासाठी इतका चहा आणि कॉफी पिऊ लागली, इतके च्युइंगगम चघळू लागली, की त्यावर मर्यादा घालावी लागली. काहींनी तर सिगारेट जवळ केली. पोट रिकामे असले की माणूस तोंड गुंतवायला काहीतरी शोधतो. त्या प्रयोगातल्या तरुणांना हे कुणी शिकवले नव्हते आणि कामठीच्या मजुरांनाही नाही.

भूक मारण्याच्या या वस्तूंत विडीचा मान पहिला. गंमत अशी की विडीचा धंदा इकडे आला तोही एका दुष्काळामुळे. १८९९ च्या दुष्काळात गुजरातेतली काही कुटुंबे रेल्वेच्या कामासाठी मध्य प्रांतात आली. इथल्या जंगलातले तेंदूचे पान विडीला उत्तम आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे विडीच्या छापांची नोंदणी होऊ लागली, असे या उद्योगाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नोंदले आहे. तिथून हा धंदा भंडारा, गोंदिया, नागपूर, कामठी असा पसरला. जंगल जवळ, रेल्वे दाराशी आणि दुष्काळाने रिकामे झालेले हात भरपूर, असा तिहेरी योग जमला.

कामठीच्या घराघरांत हे काम मांडीवर सूप घेऊन चाले. तेंदूची पाने भिजवून मऊ करायची, पत्र्याचा ठोकळा ठेवून कात्रीने एका मापाने कापायची, चिमूटभर जर्दा पसरायचा, पान गुंडाळायचे, टोक नखाने मुडपायचे आणि दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे. मजुरी हजारावर. त्यातही छाटाचा जाच मोठा. ठेकेदाराला न पटलेल्या विड्या तो बाजूला काढी, त्यांचे पैसे मिळत नसत आणि विड्या मात्र त्याच्याकडेच राहत. या मजुरांची संघटना बांधली ती कामठीच्याच बाबू हरदास लक्ष्मणराव नगराळे यांनी. १९०४ साली जन्मलेले हरदास डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतले आघाडीचे कार्यकर्ते होते. 'जय भीम' या अभिवादनाचे जनक म्हणून आज ते सर्वत्र ओळखले जातात. १९३७ च्या निवडणुकीत ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेवर निवडून आले आणि दोन वर्षांत, पस्तिशीतच, क्षयाने गेले. 'जय भीम'च्या झळाळीत त्यांची विडी मजुरांची कामगिरी झाकली गेली, पण कामठीच्या अर्थकारणाच्या दृष्टीने ती लहान नव्हती.

विडी ओढली की भूक मागे पडते हे ओढणाऱ्याला ठाऊक होते. का मागे पडते हे २०११ साली येल विद्यापीठातील मरीना पिचोटो यांच्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. निकोटिन अर्क्युएटमधल्या पॉम्क पेशींवरच्या एका विशिष्ट ग्राहीला जाऊन चिकटते आणि त्या पेशी चेततात. जेवण न करताच जेवण झाल्याचा निरोप पुढे जातो. शिवाय निकोटिनने शरीराचा ऊर्जाखर्चही किंचित वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांचे सरासरी वजन न करणाऱ्यांपेक्षा कमी भरते ते यामुळे, आणि सोडल्यावर पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो वजन वाढते तेही यामुळेच. ज्याला खायला भरपूर आहे त्याला यात फायदा दिसेल. ज्याच्या ताटात मुळातच एक भाकर कमी आहे त्याच्या बाबतीत मात्र विडी उरलेल्या भाकरीचीही इच्छा काढून घेते आणि ती विकत घेण्याचे पैसेही.

चहाची कथा निराळी. तो या भागाच्या सवयीत आपणहून शिरला नाही, त्याला हाताला धरून आणले गेले. १९०३ साली सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार करणारी समिती नेमली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने कापड गिरण्या, कारखाने आणि कोळशाच्या खाणींकडे मोर्चा वळवला. मालकांना पटवायचे की कामगाराला मधल्या वेळेत चहा दिला तर तो ताजातवाना होऊन जास्त काम करतो, आणि फाटकाशी चहाचे दुकान मांडायचे. रेल्वे स्थानकांवर फेरीवाले उभे करायचे, शहरांत घरोघर जाऊन चहा कसा करावा हे दाखवायचे. नागपुरात १८७७ पासून टाटांची एम्प्रेस मिल चालू होती, खाणी होत्या, रेल्वेचे मोठे जंक्शन होते. अशा प्रचाराला यापेक्षा सोयीची जमीन मिळणे कठीण. त्याच १९०३ साली ब्रुक बॉण्डने रेड लेबल बाजारात आणला, आणि याच कंपनीच्या कारखान्यामुळे कन्हानचे नाव चहाशी जोडले गेले. कन्हानची भौगोलिक सोय चहाला नेमकी जुळणारी होती. आसाम-बंगालकडून येणारी रेल्वे, उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग, आणि देशाचा मध्य.

चहाने भूक मरते, हे वाक्य विदर्भात कुठल्याही टपरीवर ऐकू येईल. शास्त्राचा त्याला अर्धाच दुजोरा आहे. चहातले कॅफीन मेंदूतल्या अॅडेनोसीन या थकव्याच्या निरोप्याला अडवते. त्यामुळे थकवा जाणवत नाही, आणि उपाशी माणसाची भूक व थकवा एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एक हटला की दुसराही हटल्यासारखा वाटतो. भुकेवर कॅफीनचा स्वतःचा परिणाम मात्र सौम्य आणि अल्पजीवी. गरम पेयाने जठर थोडे ताणले जाते, तेवढ्यापुरता व्हेगस चेतातंतू तृप्तीचा निरोप देतो. बाकीचे काम दूध आणि साखर करतात. कडक, दुधाळ, भरपूर साखरेचा अर्धा कप हे खरे तर छोटेसे खाणेच आहे. पातळ पदार्थातल्या साखरेची दखल मेंदू घट्ट अन्नाइतकी घेत नाही असे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. म्हणून दिवसाकाठी पाच-सहा चहा घेणाऱ्याच्या पोटात साखर जाते आणि जेवण तेवढ्याने कमी होतेच असे नाही. प्रचार समितीने कामगाराला ताजेतवाने करण्याचे आश्वासन दिले होते. ते पाळले गेले. चहाने पोषण होते असा दावा जिथे केला गेला तिथे तो खोटा होता.

तिसरी वस्तू खर्रा. तिच्या प्रसाराला खाणीच्या एका नियमाचा हातभार लागला असावा. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साठतो. म्हणून भूमिगत खाणीत विडी, सिगारेट आणि काडेपेटी नेण्याची सक्त मनाई असते आणि खाली उतरण्यापूर्वी अंगझडती होते. इंदर, सिल्लेवाडा, कामठी या भागातल्या खाणी १९७५ पासून वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे आल्या, पण हा नियम त्याआधीपासूनचा. आठ तासांची पाळी निकोटिनशिवाय काढायची नसेल तर ते चघळण्याच्या रूपातच खाली न्यावे लागते. पूर्व विदर्भात चघळणे नवे नव्हते. रामटेकचे पानमळे प्रसिद्ध, आणि पान-सुपारी-चुना घरोघरी. खर्ऱ्याने त्यातले पान वगळले. पानठेल्यावर बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन फळीवर बराच वेळ घोटतात, सगळे एकजीव होऊन ओलसर झाले की त्याच पन्नीची पुडी बांधून गिऱ्हाइकाला देतात. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. बंद पाकिटातला माल त्यामुळे चोरीछुपे गेला, घोटून दिलेला खर्रा मात्र राजरोस राहिला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूररहित तंबाखू वापरताना आढळले.

खर्ऱ्यात निकोटिनच्या जोडीला सुपारीतले अॅरेकोलिन असते. तेही चेतासंस्थेवर काम करते आणि दोन्हींचा अंमल चढल्यावर जेवणाची आठवण लांबते. पण या वस्तूचा शेवटचा घाव मेंदूवर पडत नाही. सुपारीने तोंडाच्या आतली त्वचा हळूहळू ताठ होते, तिखट सोसत नाही, मग जबडा पुरता उघडेनासा होतो. पुढे कर्करोगाचा धोका आहेच. या टप्प्यावर भूक जागी असते, पण भाकरीचा घास तोंडात जात नाही.

खाणीतल्या पाळ्यांनी भुकेची आणखी एक घडी मोडली. अर्क्युएटमधल्या पेशी दिवस-रात्रीच्या घड्याळाशी बांधलेल्या असतात आणि झोपेत लेप्टिन वाढते. २००४ साली शिकागो विद्यापीठात बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तेव्हा भरपूर झोपेच्या तुलनेत त्यांचे लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याच्या शरीरात असे वारंवार घडण्याची शक्यता असते. रातपाळीहून परतताना चौकातल्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी होणारी गर्दी केवळ चवीची नसते. १९५२ च्या खाण कायद्याने मोठ्या खाणींत उपाहारगृहाची तरतूद झाली. पण तिथे काय मिळावे यापेक्षा ते असावे यावरच भर राहिला, आणि चहा व तळलेले पदार्थ हेच त्याचे मुख्य पदार्थ ठरले.

दरम्यान ज्वारी मागे पडत गेली. रेशनच्या दुकानातून गहू आणि तांदूळ स्वस्तात मिळू लागले, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, भाकर थापायला लागणारा वेळ दोघेही कामावर जाणाऱ्या घरात उरला नाही. भाकर आणि वरण चावून खावे लागते, त्यातला चोथा जठरात रेंगाळतो, डाळीतली प्रथिने आतड्यातली तृप्तीची संप्रेरके वाढवतात. अशा जेवणात मेंदूला थांबण्याचा निरोप वेळेवर मिळतो. पाकीटबंद, मऊ, तेलकट आणि खारट खाण्यात तो उशिरा मिळतो. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तितके खाऊ दिले. दोन्हींतली साखर, चरबी आणि चोथा सारखाच ठेवलेला. तरीही प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. उंदरांना चरबीयुक्त खाद्य दिले तर हायपोथॅलॅमसमध्ये दाहाची लक्षणे वजन वाढण्याच्याही आधी, काही दिवसांतच दिसतात, आणि लेप्टिनचा निरोप तिथे नीट ऐकू जात नाही. ज्या पट्ट्यात आजोबांनी भूक मारायला विडी ओढली, तिथेच नातवाची भूक वेळेवर मरत नाही, असा हा उलटा प्रवास एका शतकात झाला.

भुकेच्या या यंत्रणेवर महत्त्वाचे संशोधन कन्हानपासून वीसेक किलोमीटरवर, नागपूर विद्यापीठात झाले आहे. निशिकांत सुभेदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्ट या रसायनाचा मागोवा माशांपासून उंदरांपर्यंत घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांनी मांगूर जातीच्या माशांना उपाशी ठेवून मेंदूच्या पुढच्या भागातल्या कार्ट पेशी पाहिल्या, आणि ग्लुकोज, इन्सुलिन व लेप्टिन दिल्यावर काय होते तेही तपासले. भुकेचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था सस्तन प्राण्यांच्या कितीतरी आधीची आहे, हे अशा कामातून स्पष्ट होत गेले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात उंदरांना एकेकटे ठेवले होते. कळपातून तोडलेले हे उंदीर जास्त खाऊ लागले, आणि या जास्तीच्या खाण्यामागे मेंदूतल्या कार्ट व्यवस्थेचा हात असल्याचे दिसले. गाव सोडून खाणीच्या वसाहतीत एकट्याने राहणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण भूक फक्त पोटाच्या रिकामेपणाने ठरत नाही, सोबतीनेही ठरते, हे त्यातून कळते.

भूक मारण्याच्या धंद्यातली सर्वांत नवी वस्तू इंजेक्शनच्या रूपात आली आहे. आतड्यातून निघणाऱ्या जीएलपी-१ या तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करणारी वजन घटवण्याची औषधे २०२५ मध्ये भारतात विकायला आली. या जातीचे औषध अर्क्युएटमधल्या पॉम्क आणि कार्ट असलेल्या पेशींना चेतवते, असे २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसले होते. निकोटिनही पॉम्क पेशींवरच येऊन पोचते, फक्त वाट निराळी. फरक असा की विडीचे गिऱ्हाईक पोटभर न मिळणारे होते आणि या इंजेक्शनचे गिऱ्हाईक पोटभर मिळूनही न थांबता येणारे आहे. औषध बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत येते, असे सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत आढळले. कारण चरबी घटताच लेप्टिन उतरते, आणि मेंदू त्याचा अर्थ आजही दुष्काळ असाच लावतो.